९९.९ टक्के! पण मोजले कोणी?

दोस्तांनो, सॅनिटायझरची बाटली घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक बाटल्यांवर एक आकडा मोठ्या दिमाखात मिरवत असतो. ९९.९ टक्के जंतूंचा नाश!

वाचलंत? आता मला सांगा, हे जंतू मोजले कोणी?

बघा हं, ९९.९ टक्के मेले असं म्हणायचं, तर आधी किती होते ते माहीत हवं. नंतर किती उरले तेही माहीत हवं. आणि जिवाणू तर डोळ्यांना दिसतच नाहीत!

ई. कोलाय नावाचा जिवाणू घ्या. त्याची लांबी साधारण २ मायक्रोमीटर. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि मिलिमीटरच्या दोन रेघांमधली ती इवलीशी फट बघा. त्या फटीत असे ५०० जिवाणू एकामागे एक रांगेत उभे राहतील. तेही धक्काबुक्की न करता!

मग हे मोजायचे कसे? सूक्ष्मदर्शक लावून? तिथे मेलेला आणि जिवंत जिवाणू बरेचदा सारखाच दिसतो. मोठीच पंचाईत!

पण शास्त्रज्ञांनी एक झकास युक्ती शोधली आहे. ती इतकी सोपी आहे, की शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मुलं ती वापरतात. चला, समजून घेऊ या.

घोळके मोजा!

समजा, तुम्ही विमानात बसला आहात. खाली तुमच्या शाळेचं मैदान आहे. मैदानावर मुलं उभी आहेत, पण इतक्या उंचावरून एकही मूल दिसत नाही. मोजायची कशी?

प्रत्येक मुलाला सांगायचं, ‘जागचा हलू नकोस! आणि तुझ्या सगळ्या गोतावळ्याला इथेच बोलावून घे!’ आई-बाबा आले, आजी-आजोबा आले, आते-मामे-चुलत भावंडं आली. आता प्रत्येक मुलाभोवती भलामोठा घोळका जमला. तो विमानातून सहज दिसतो. एक घोळका म्हणजे सुरुवातीचं एक मूल. घोळके मोजा, मुलं मोजून झाली!

जिवाणूंची मोजणी अगदी अशीच होते. त्यांना एका बशीत खाऊ घालून ऊब द्यायची. मग एका जिवाणूचे दोन होतात. दोनांचे चार. चारांचे आठ! सगळं मनासारखं मिळालं तर ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो.

ओळखा पाहू, एका जिवाणूपासून ८ तासांत किती होतील? शंभर? हजार?

१ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६!

विश्वास बसत नाही ना? वही घ्या आणि १ चे दोन, दोनाचे चार असं २४ वेळा दुप्पट करून बघा. तुम्ही रात्री झोपता आणि सकाळी उठता, तेवढ्या वेळात एका न दिसणाऱ्या जिवाणूचे कोट्यवधी होऊ शकतात. सगळे एकाच जागी दाटीवाटीने बसले, की त्यांचा एक ठिपका होतो आणि तो साध्या डोळ्यांना दिसतो! या ठिपक्याला जिवाणूंची वसाहत म्हणतात.

मेलेला जिवाणू गोतावळा जमवू शकत नाही. त्यामुळे ठिपका उमटला म्हणजे तिथला जिवाणू जिवंत होता. जिवंत आणि मेलेले आपोआप वेगळे झाले! आहे ना भारी?

बशीत काय असतं, माहितेय?

जिवाणूंना बसायला असं काहीतरी हवं, की जे त्यांना जागचं हलू देणार नाही. रॉबर्ट कॉख नावाचे एक थोर जर्मन शास्त्रज्ञ होते. त्यांनी आधी काय वापरलं असेल? उकडलेल्या बटाट्याचे काप! खरंच! त्या कापांवर जिवाणूंचे रंगीबेरंगी ठिपके उमटत. पण सगळ्याच जिवाणूंना काही बटाटा आवडत नाही.

मग त्यांनी जिलेटीन वापरलं. ते ऊब मिळाली की वितळायचं! काही जिवाणू तर ते चक्क खाऊन पातळ करायचे. ठिपके गेले वाहून. मोजणार काय, कप्पाळ?

हा प्रश्न सुटला तो स्वयंपाकघरातून! वॉल्टर हेसे हे कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे. उन्हाळ्यात त्यांचं जिलेटीन सारखं वितळायचं आणि ते वैतागून जायचे. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंग करायची. तिच्या जेली गरमीतही टिकून राहायच्या. कारण ती त्यात जिलेटीन घालतच नसे, अगर घालत असे. अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून केलेला पदार्थ. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्याकडून तिला तो कळला होता. १८८१ मध्ये तिने नवऱ्याला सुचवलं, ‘तुमच्या जिवाणूंसाठी हेच वापरून बघा की!’

आणि जमलं! एकदा घट्ट झालेलं अगर वितळायला सुमारे ८५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. उबेला ठेवलं तरी ते ढिम्म हलत नाही. बहुतेक जिवाणूंना ते खाताही येत नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळा अगरच वापरतात. कॉख यांनी १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात अगरचा उल्लेख केला, पण फॅनीचं नाव मात्र लिहिलं नाही. म्हणून आपण ते मुद्दाम लक्षात ठेवू या. फॅनी हेसे!

आणि गंमत ऐका. हे अगर आपल्याकडे किराणा दुकानातही मिळतं. आईला किंवा आजीला विचारा, चायना ग्रास म्हणजे काय? पुडिंगमध्ये घालतात तेच. तेच ते अगर!

राहिली बशी. झाकण असलेली ती चपटी, गोल, पारदर्शक बशी कॉख यांचे मदतनीस युलियस रिचर्ड पेट्री यांनी १८८७ मध्ये सांगितली. म्हणून तिचं नाव पेट्री डिश.

आता खरा प्रयोग!

प्रयोगशाळेत बाई निरुपद्रवी जिवाणू देतात. ई. कोलायचा एक साधाभोळा प्रकार आहे, तो आजारी पाडत नाही. शाळा-कॉलेजांत तो वापरतात. हातावरचे जिवाणू वाढवायचे नाहीत. कारण त्यात कोण लपलंय ते कुणाला ठाऊक!

दोन परीक्षानळ्या घ्यायच्या. एकीत ९ भाग सॅनिटायझर, दुसरीत ९ भाग निर्जंतुक, किंचित खारट पाणी. दोन्हींत जिवाणूंचं पाणी १ भाग टाकायचं. घड्याळ लावायचं. ३० सेकंद!

थांबा, खारट पाण्याची नळी कशाला? त्यात तर काहीच मरणार नाही!

म्हणूनच तर ती हवी! जिवाणूंना काहीच केलं नाही तर किती ठिपके उमटतात, ते ही नळी सांगते. ती नसेल तर सॅनिटायझरच्या बशीतले २० ठिपके कमी की जास्त, हे ठरवणार कसं? ही तुलनेची नळी नसेल, तर प्रयोग करून उपयोगच नाही.

३० सेकंद झाले. आता एक चकवा आहे बरं का! नळीतलं पाणी तसंच बशीत ओतलं, तर त्याच्याबरोबर सॅनिटायझरही बशीत जाईल. तिथे ते आणखी मिनिटभर, दोन मिनिटं जिवाणू मारत बसेल. मग आपण ३० सेकंदांचा निकाल म्हणून भलताच आकडा लिहू!

यावर उपाय काय? मैदानावर आपण ‘स्टॅच्यू!’ ओरडतो ना, तसं सॅनिटायझरला स्टॅच्यू करायचं. ३० सेकंद होताच नळीतला १ मिलिलिटर द्राव ९ मिलिलिटर पाण्यात टाकायचा. अल्कोहोल एका झटक्यात दहापट पातळ! ७० टक्क्यांचं अल्कोहोल ७ टक्क्यांच्याही खाली येतं आणि त्याचा जोर ओसरतो. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी खास द्रावणंही वापरतात.

तुलनेच्या नळीचं दुखणं वेगळंच. तिच्यात जिवाणू लाखांनी असतात! सगळे बशीवर पसरले, तर ठिपक्याला ठिपका चिकटून नुसता पांढरा थर दिसेल. मैदान इतकं भरलं, की घोळके वेगळे ओळखूच येईनात! म्हणून तोही द्राव पातळ करायचा. १ मिलिलिटर घ्या, ९ मिलिलिटर पाण्यात टाका. झाला दहापट पातळ. त्यातला १ परत ९ मध्ये. शंभरपट! असं करत जायचं. बशीवर साधारण ३० ते ३०० ठिपके आले, की मोजणी भरवशाची. त्याहून जास्त असले की मोजताना गोंधळ होतो. अगदी कमी असले, तर एखाद-दुसऱ्या ठिपक्यानेही हिशेब बिघडतो.

आता बारीकसारीक गोष्टी बघा. बशीचं नाव झाकणावर लिहायचं नाही, तळाला लिहायचं. झाकणं काय, अदलाबदल होतात! बशा ठेवायच्या उलट्या, झाकण खाली. का बरं? झाकणाला आतून वाफेचे थेंब जमतात. ते ठिपक्यांवर पडले, तर ठिपके फुटून एकमेकांत मिसळतील. एक-दोन दिवसांनी बशी न उघडताच मोजायचं. तळाच्या बाजूने स्केचपेनने एकेका ठिपक्यावर खूण करत जायची, म्हणजे एकही दोनदा मोजला जात नाही.

शून्यांचा खेळ

समजा, खारट पाण्याचा द्राव दहा हजारपट पातळ केला आणि त्यातल्या १ मिलिलिटरमधून ११२ ठिपके उमटले. म्हणजे मूळ नळीत दर मिलिलिटरला किती जिवाणू? ११२ गुणिले १०,०००. अकरा लाख वीस हजार!

आणि सॅनिटायझरचा द्राव फक्त दहापट पातळ केला, त्यातूनही ११२ ठिपके आले. म्हणजे ११२ गुणिले १०. फक्त १,१२०!

अकरा लाख वीस हजारांपैकी उरले अकराशे वीस. म्हणजे दर हजारातला एक वाचला. हजारातले ९९९ गेले. हेच ते ९९.९ टक्के! झाली की नाही मोजणी?

आता जरा विचार करा. ९९ टक्के आणि ९९.९ टक्के. फरक किती? एका टक्क्याहूनही कमी वाटतो ना? फसलात! १० लाख जिवाणू असतील, तर ९९ टक्के मेल्यावर १०,००० उरतात आणि ९९.९ टक्के मेल्यावर १,०००. चक्क दहापट फरक! म्हणून शास्त्रज्ञ टक्क्यांपेक्षा शून्यं मोजतात. आकड्यातली किती शून्यं उडाली? ९९.९ टक्के म्हणजे तीन शून्यं उडाली.

फसवं वर्तुळ

शाळेत आणखी एक प्रयोग करतात. बशीवर जिवाणू पसरायचे. कागदाची छोटी गोल चकती सॅनिटायझरमध्ये बुडवून मधोमध ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू वाढले नाहीत, तर तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. पट्टीने ते मोजायचं. मोठं वर्तुळ म्हणजे जास्त दम!

पटलं? पण इथे एक कोडं पडतं. सॅनिटायझरभोवतीचं वर्तुळ बरेचदा अगदीच चिमुकलं येतं. कधी कधी तर येतच नाही! मग सॅनिटायझर कुचकामी का?

छे! सॅनिटायझर हातावर घेतल्यावर कसं गार गार वाटतं, आठवा. ते अल्कोहोल हवेत उडून जात असतं. चकतीवरूनही ते असंच उडून जातं. जिवाणू मात्र पुढे रात्रभर वाढत राहतात. अल्कोहोलचं काम असतं पहिल्या काही सेकंदांचं, आणि आपण वर्तुळ बघतो दुसऱ्या दिवशी! सॅनिटायझर वाईट नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. म्हणून अल्कोहोलसाठी घड्याळ लावून केलेला नळ्यांचा प्रयोगच बरा.

पाणी घातलं की जास्त जोर!

आता सगळ्यात मोठं आश्चर्य. सांगा बघू, जिवाणू जास्त चांगले कशाने मरतील? १०० टक्के शुद्ध अल्कोहोलने, की ३० टक्के पाणी मिसळलेल्या ७० टक्के अल्कोहोलने?

शुद्ध म्हणालात? चूक! पाणी मिसळलेलं जिंकतं!

का? अंडं तव्यावर फोडलं की पारदर्शक भाग पांढरा घट्ट होतो ना? त्यातल्या प्रथिनांच्या व्यवस्थित घड्या असतात. उष्णतेने त्या विस्कटतात आणि प्रथिनं एकमेकांत गुंततात. जिवाणूच्या पोटातही प्रथिनं असतात. त्यांच्याच जिवावर तो जगतो. अल्कोहोल तीच प्रथिनं न तापवता विस्कटून टाकतं. जिवाणूच्या अंगावरचं पातळ, तेलकट वेष्टनही ते फाडतं. पण प्रथिनांच्या घड्या विस्कटायला पाण्याची मदत लागते. शिवाय शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं. पाणी असलं की ते जरा जास्त वेळ टिकतं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीतही पाणी असतं. एका कृतीत ८० टक्के इथेनॉल, दुसरीत ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून थोडं ग्लिसरीनही! विकतच्या सॅनिटायझरमध्ये निदान ६० टक्के अल्कोहोल हवं.

नळी वेगळी, हात वेगळा

काचेच्या नळीत मरतात ते जिवाणू हातावरही मरतील का? हातावर तर सुरकुत्या असतात, घाम असतो, नखं असतात!

म्हणून खऱ्या हातांवरही चाचणी घेतात. युरोपात त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. स्वयंसेवक आधी हात धुतात, मग निरुपद्रवी ई. कोलायच्या पाण्यात बुडवतात. बोटांची टोकं एका द्रावात चोळून त्यात किती जिवाणू उतरले ते मोजतात. मग सॅनिटायझर चोळतात आणि परत मोजतात. एवढ्यावर थांबत नाहीत! तीच माणसं ६० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही हात चोळतात. नवं सॅनिटायझर या ठरलेल्या अल्कोहोलपेक्षा कमी पडलं, तर ते नापास!

आणि काही जिवाणू असे चिवट, की अंगाभोवती कठीण कवच करून बीजाणू होऊन झोपी जातात. अल्कोहोल त्यांचं काहीही वाकडं करू शकत नाही. हात चिखलाने, तेलाने माखले असतील, तरी सॅनिटायझरचा जोर कमी पडतो. तिथे आपला साबण जिंकतो. साबण तेलकट मळ सोडवतो आणि पाणी त्याला जंतूंसकट वाहून नेतं.

आता तुमची पाळी!

जिवाणूंचे प्रयोग घरी करायचे नाहीत. ते शाळेत, बाईंच्या किंवा सरांच्या देखरेखीखाली. बशीला चिकटपट्टी लावल्यावर ती परत उघडायची नाही. मोजून झाल्यावर बशा प्रयोगशाळेतल्या वेगळ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात १२१ अंशांच्या वाफेत निदान १५ मिनिटं ठेवतात. मगच टाकून देतात. साधं उकळतं पाणी असतं १०० अंशांवर. त्या भांड्यातली दाबाखालची वाफ त्याहून कितीतरी तापते आणि झोपलेल्या बीजाणूंनाही संपवते. आणि सॅनिटायझर पेट घेतं हं! गॅसपासून, देवघरातल्या निरांजनापासून ते लांबच ठेवा.

पण घरी मोजता येईल असा एक प्रयोग आहे. अर्धा चमचा खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवा. दोन्ही तळव्यांना चोळा. आलेखाच्या कागदावर तळवा दाबा. किती चौकोन पिवळे-तेलकट झाले ते मोजा. आता नुसत्या पाण्याने २० सेकंद हात धुवा, पुसून कोरडा करा, नव्या कागदावर दाबा आणि मोजा. परत तेवढंच तेल-हळद लावून साबणाने ५ सेकंद. मग साबणाने २० सेकंद. साबण लागताच हळद लालसर झाली, तर घाबरू नका. हळदीचा रंग तसा बदलतोच!

या प्रयोगात जिवाणू मोजले जात नाहीत, तेलकट मळ मोजला जातो. तरी मोजायची रीत तीच. दर वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा. प्रत्येक प्रकार तीनदा करा, कारण एकदा आलेला आकडा योगायोगही असू शकतो. दाबताना कोणती पाळी चालू आहे हे मोजणाऱ्या मित्राला सांगू नका, म्हणजे त्याची मोजणी कोणाच्याही बाजूने झुकणार नाही.

सगळे आकडे तारखेसह वहीत लिहा आणि विज्ञानाच्या बाईंना दाखवा. आणि हो, आज जेवायला बसण्याआधी हात साबणानेच धुवा. पूर्ण २० सेकंद, मोजून!